वाचकांचे प्रश्न : तूं खंयचो, कोणालो?

या महिन्यातली पत्रं आणि व्हॉट्सअॅपवरचे मेसेज वाचताना लक्षात आलं की विषय जवळजवळ सगळ्यांचा एकच आहे, फक्त घरं वेगवेगळी. मी नेमका कोण, माझी श्रद्धा माझी स्वतःची आहे का घरातून आलेली सवय, आणि बायबलचा अभ्यास केला तर याचं काही उत्तर मिळतं का. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ, आज एवढंच. नावं कोणाचीच देत नाहीये, गोवा लहान आहे.

प्रश्न : ताई, मी कुडचड्याला राहतो, वय 26. पप्पा नगरकडचे, मराठी प्रोटेस्टंट कुटुंबातले, मम्मी सासष्टीतली कॅथलिक. घरी मराठी, इगर्जीत कोंकणी, ऑफिसात हिंदी आणि इंग्लिश, कुठलीच भाषा धड येत नाही असं वाटतं. शाळेत मुलं मला घाटी म्हणायची आणि नगरला गेलो की चुलत भाऊ म्हणतात आला गोवेकर. इथे कोणी नवीन भेटलं की पहिला प्रश्न ‘तूं खंयचो? कोणालो?’ (तू कुठला? कोणाचा?) आणि माझ्याकडे एका वाक्यात सांगण्यासारखं काही नसतं. नवीन वर्षापासून बायबल पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, वाटलं यात तरी कळेल आपण कोण, पण लेवीयमधे येऊन अडकलोय, नुसते नियमच नियम. माझं काही चुकतंय का?

उत्तर : चुकत काही नाहीये रे. लेवीयमधे भलेभले अडकतात, ते सध्या बाजूला ठेव. पण त्याच्या आधीच्या पुस्तकात, निर्गममधे, अगदी तुझ्यासारखा एक माणूस आहे आणि पुढे जायच्या घाईत तू त्याला ओलांडून गेलास. परत मागे जा आणि निर्गम अध्याय 2 ते 4 एवढंच वाच, हळूहळू, एका बैठकीत संपवायचा हट्ट नको.

मोशे जन्माने इब्री, म्हणजे इस्राएली, पण वाढला मिसरच्या (इजिप्तच्या) राजाच्या, फारोच्या मुलीच्या घरी, नावसुद्धा तिनेच ठेवलेलं. मोठा झाल्यावर तो आपल्या लोकांकडे जातो, एक मिसरी माणूस एका इब्र्याला मारताना दिसतो तर त्या मिसऱ्याला ठार करतो, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या स्वतःच्या लोकांतला एकजण तोंडावर विचारतो, तुला आमच्यावर अधिकारी कोणी नेमलं? झालं. तिकडे राजवाडा जीवावर उठला आणि इकडे आपले म्हणावे ते विचारेनात. पळून मिद्यानात जातो, विहिरीवर रगुवेलाच्या मुलींना मेंढपाळ त्रास देत असतात त्यांना हाकलून लावतो, तर त्या मुली घरी जाऊन बापाला काय सांगतात, एका मिसरी माणसाने आम्हाला सोडवलं. म्हणजे ज्या देशातून तो जीव मुठीत धरून पळाला त्याच देशाचा शिक्का इथे त्याच्या कपाळावर. पुढे लग्न होतं, मुलगा होतो, त्याचं नाव ठेवतो गेर्षोम, आणि कारण सांगतो की मी परक्या देशात परका झालोय. पोटच्या पोराचं नाव ठेवताना माणसाच्या मनात हे असावं, विचार कर. तुझं घाटी आणि तुझं गोवेकर दोन्ही या एका अध्यायात आलं.

आता अध्याय 3. जळणाऱ्या झुडपातून देव त्याला नावाने हाक मारतो, दोनदा, मोशे, मोशे. मग काम सांगतो, फारोकडे जा. आणि मोशे विचारतो, मी कोण, की मी फारोकडे जावं? हा तुझाच प्रश्न. इथे आपली अपेक्षा असते की देव आता सांगेल, अरे तू अमक्या वंशाचा, राजवाड्यात शिकलेला, दोन्हीकडचं तुला कळतं, तूच योग्य. आजकाल करिअरच्या सेमिनारमधे हेच सांगतात ना, स्वतःची बलस्थानं ओळखा. देव यातलं एक अक्षर बोलत नाही. तो म्हणतो, मी तुझ्याबरोबर असेन. आमच्या वाड्यावरच्या बायबल ग्रुपमधे हा भाग घेतला की कोणीतरी हटकून म्हणतं, पण ताई हे प्रश्नाचं उत्तर झालंच नाही. मला तर वाटतं हेच उत्तर आहे. मोशेने विचारलं मी कोण आणि त्याला सांगण्यात आलं की तू कोणाबरोबर आहेस, आणि तेवढ्यावर तो निघाला, बाकीचं वाटेत कळत गेलं, तेही एका दिवसात नाही.

भाषेचं म्हणशील तर अध्याय 4 मधे मोशे तेही रडगाणं गातो, मी तोंडाचा जड, मला बोलता येत नाही. देव त्याची जीभ सुधारून देत नाही, भावाला सोबत देतो. तुझ्या मोडक्या कोंकणीचं एवढं टेन्शन घेऊ नकोस. आपल्याकडे भाषेवरून माणूस ओळखायची सवय फार खोल गेलीये, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावरचा 1967 चा ओपिनियन पोल आणि कोंकणीला राजभाषा करणारा 1987 चा कायदा या दोन्ही वेळची भांडणं अजून घराघरांत निघतात, दोन्ही बाजूंना खरं दुखणं आहे. पण इगर्जीत शेजारी बसून तूही तीच प्रार्थना म्हणतोस आणि देवाला ती कळते एवढं धरून चाल.

आणखी एक. आपण ज्याला गोंयचो सायब म्हणतो आणि 3 डिसेंबरला ज्याच्या फेस्ताला जुन्या गोव्यात पाय ठेवायला जागा नसते तो फ्रान्सिस झेवियर कुठला? नवाराचा, आजच्या स्पेनमधला, गोव्यात पाऊल टाकलं 1542 मधे, म्हणजे पक्का भायलो. आणि आपला संत जोसेफ वाझ, 1651 मधे बाणावलीत जन्मलेला, अस्सल सासष्टीकर, तो 1687 मधे मजुराच्या वेषात श्रीलंकेत गेला कारण डच राजवटीत तिथे कॅथलिक पाद्रींना बंदी होती, तमिळ आणि सिंहली शिकला आणि 1711 मधे कँडीत वारला, परत आलाच नाही. 2015 मधे पोप फ्रान्सिस यांनी त्याला संत घोषित केलं तेही कोलंबोत. आता सांग, यातला खंयचो कोण?

निर्गम झालं की रूथ वाच, चारच अध्याय आहेत. मवाबातली ही विधवा सून सासूला म्हणते तुमचे लोक ते माझे लोक, तुमचा देव तो माझा देव. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, लग्नपत्रिकेतपण छापतात (ते सासूला म्हटलेलं आहे हे विसरून). पण पुढे बघ, बेथलेहेमात आल्यावरही पुस्तक तिला ‘मवाबी रूथ’च म्हणत राहतं, अगदी शेवटच्या अध्यायात बवाज दारातल्या पंचांसमोर लग्नाचं बोलतो तेव्हाही. ती पूर्णपणे त्यांची झाली आणि तिचं मवाब कोणी पुसलं नाही. आणि हीच बाई दावीद राजाची पणजी. म्हणून मी तुला सांगेन की पप्पांचं नगर का मम्मीची सासष्टी यातलं एक निवडायच्या फंदात पडू नकोस. दोन्ही आज्या असतील तर दोघींकडे जाऊन बस, त्यांची प्रार्थना कशी होती, कोणती गाणी म्हणायच्या ते विचार आणि लिहून ठेव, उद्या ते सांगणारं कोणी नसेल.

प्रश्न : माझं सासर बार्देसात, माहेर सावंतवाडी म्हणून मराठीत लिहिते. नवरा बोटीवर असतो, वर्षातले आठ-नऊ महिने बाहेर. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, दोन मुलं शाळेत. वाड्यावर मला सगळे तारवट्याची (खलाशाची) बायको म्हणून ओळखतात, शाळेत अमक्याची मम्मी. रोज संध्याकाळी तेर्स (रोझरी) म्हणते पण मनात माझं असं काही उरलंच नाहीये. रात्री बायबल उघडलं की दोन ओळींत झोप लागते आणि मग अपराधी वाटतं. स्वतःचा विचार करणं हा स्वार्थ आहे का?

उत्तर : नाही गं. आणि झोप लागली तर झोप, दिवसभर राबलेल्या बाईला झोप लागणं हे पाप कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही.

मार्कच्या शुभवर्तमानाचा अध्याय 5 आहे, त्यातलं 21 व्या वचनापासून शेवटपर्यंत. सभास्थानाचा मोठा अधिकारी याईर, त्याची 12 वर्षांची मुलगी मरायला टेकलीये, येशू त्याच्या घरी निघालाय आणि रस्त्यात तोबा गर्दी. या गर्दीत एक बाई आहे जिला 12 वर्षं रक्तस्राव होतोय. मार्क सांगतो की वैद्यांपायी सगळा पैसा गेला आणि दुखणं उलट वाढलं. तिचं नाव कुठेच नाही. ओळख एवढीच, रक्तस्रावाची बाई. नियमशास्त्राप्रमाणे ती अशुद्ध, ती जिथे बसेल ते अशुद्ध, तिला कोणी शिवलं तर तोही संध्याकाळपर्यंत अशुद्ध. (हे सगळं लेवीय 15 मधे आहे, ते पुस्तक वाचलं की हा प्रसंग किती भयंकर धाडसाचा आहे ते कळतं.)

आमच्या ग्रुपमधे एक बाई येतात, म्हापशाच्या बाजारात मासे विकतात, वाचता येत नाही, ऐकतात फक्त. हा भाग वाचून झाल्यावर सगळे येशूच्या सामर्थ्याबद्दल बोलत होते आणि या मधेच म्हणाल्या, तिने मागून हात लावला कारण तिला कोणी बघायलाच नको होतं, बरं होऊन गुपचूप घरी जायचं होतं. अगदी बरोबर. आणि येशू तेच होऊ देत नाही. तो थांबतो. याईर बाजूला उभा आहे, एकेक मिनिट त्याच्या मुलीच्या जीवाचं आहे, शिष्य वैतागलेत की एवढ्या गर्दीत कोणी हात लावला म्हणून काय विचारता, आणि तरी तो थांबून बघत राहतो. शेवटी ती थरथरत पुढे येते आणि मार्क म्हणतो की तिने त्याला सगळं खरं सांगितलं. सगळं. 12 वर्षांचं सगळं सांगायला किती वेळ लागला असेल, आणि एवढ्या गर्दीसमोर तो ऐकत राहिला. मग तो तिला म्हणतो, मुली. शुभवर्तमानांत येशूने दुसऱ्या कुठल्याही एका बाईला अशी हाक मारलेली नाही. इकडे याईर आपल्या मुलीसाठी धावपळ करतोय आणि या बाईसाठी धावणारं कोणीच नाही, तिला तो भर रस्त्यात मुलगी करून घेतो. आणि याईरची मुलगीही वाचते, ते पुढे आहे.

तुझं स्वतःचं असं जे काही आहे ते कोणाची बायको आणि कोणाची आई या यादीच्या आधीपासून आहे. ते शोधून काढायला तुला घरकाम सोडून कुठे जायची गरज नाही, पण ते कोणाला तरी सांगायची गरज मात्र आहे, तिने सांगितलं तसं सगळं खरं. म्हणून माझं म्हणणं, रात्रीचं वाचन बंद कर. सकाळी मुलं शाळेत गेल्यावर, सासूबाईंचं आवरल्यावर, चहा घेताना या अध्यायातली पाच-सहा वचनं वाच, मोठ्याने, सासूबाईंना ऐकू येईल अशी. त्यांनाही कोणी काही वाचून दाखवत नसेल. भाषा जड वाटली तर त्याची लाज नको, पंडिता रमाबाईंनी याच कारणासाठी केडगावच्या मुक्ती मिशनमधे बसून, साध्या बायकांना कळावं म्हणून बायबलचं भाषांतर केलं, 1922 मधे त्या गेल्या तोपर्यंत हेच काम चाललं होतं. वाड्यावरच्या समुदायाची मीटिंग असते तिला तुला जाता येत नसेल तर सरळ सांग की एकदा आमच्या घरी ठेवा. नवऱ्याचा फोन येतो तेव्हा तोच अध्याय त्यालाही वाचायला सांग, बोटीवर त्यालाही एकटं वाटत असणार आणि पैसे आले का, मुलांची फी भरली का याच्या पलीकडचं बोलणं तुमच्यात किती दिवसांत झालं नसेल. आणि हे उदास वाटणं फार दिवस टिकत असेल, झोप-जेवण बिघडलं असेल तर डॉक्टरांना दाखव, प्रार्थना आणि औषध यांचं भांडण नाही.

प्रश्न : मी मडगावला कॉलेजमधे शिकते. आमच्या घरी आजीच्या वेळेपासून मराठी वाचतात. सोशल मीडियावर सारखं येतं की गोव्यातल्या ख्रिश्चनांचे पूर्वज जबरदस्तीने बाटवलेले, त्यामुळे तुमचा धर्म तुमचा नाहीच, तुमचं आडनावही पोर्तुगीजांनी चिकटवलेलं. आमचं जुनं आडनाव वेगळं होतं असं आजोबा सांगायचे. मला उत्तर देता येत नाही आणि रात्री झोप लागत नाही. माझी खरी ओळख कोणती?

उत्तर : आधी इतिहास इतिहास म्हणून मान्य कर, घाबरू नकोस. तिसवाडी, बार्देस, सासष्टी या जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागात, देवळं पाडली गेली, कुठ्ठाळीचा मंगेश नदीपलीकडे प्रियोळला न्यावा लागला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, 1560 मधे सुरू झालं आणि मधली थोडी वर्षं सोडली तर 1812 पर्यंत चाललं. 1684 मधे तर लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम निघाला. काहींनी भीतीने धर्म बदलला, काहींनी जमिनी आणि मानपान टिकवायला, काहींनी खऱ्या विश्वासाने, आणि एकेका घरात ही तिन्ही कारणं असतील. तुझ्या घरी काय झालं ते आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. जे वाईट झालं त्याला वाईटच म्हणायचं, ख्रिस्ती माणसाने तर आधी म्हणायचं. येशूने कोणाच्या गळ्यावर सुरी ठेवून मागे ये म्हटलेलं नाही, तो श्रीमंत तरुण मालमत्ता सोडवेना म्हणून तोंड पाडून निघून गेला तेव्हा येशूने त्याला जाऊ दिलं.

आता मत्तयचं पहिलं पान उघड. आपण ते नेहमी गाळतो, नुसती वंशावळ, अमक्याला अमका झाला. पण त्यात चार बायका आहेत येशूच्या आईच्या आधी. तामार, जिची गोष्ट उत्पत्ति 38 मधे वाच आणि मग ठरव की घरच्या वंशावळीत कोणी ती मुद्दाम लिहिली असती का. राहाब, यरीहोची वेश्या. रूथ, परदेशी. आणि चौथीचं नावही न घेता लिहिलंय, उरीयाची बायको, म्हणजे दाविदाने उरीयाला मारवून तिला आपली बायको केलं ते वाचणाऱ्याने विसरू नये अशी सोय करून. मत्तयला येशूची कागदपत्रं स्वच्छ करून घेता आली असती, त्याने नाही केली. जोरजबरदस्ती, फसवणूक, परक्या बायका, राजाचं पाप, सगळं त्या वंशात आहे आणि त्याच वंशात येशू जन्मला. तुझ्या पूर्वजांच्या गोष्टीत डाग असला म्हणून तुझी आजची प्रार्थना खोटी होत नाही.

आणि हे पण सांग त्या सोशल मीडियावरच्या लोकांना की आपल्या मातीत या विश्वासाने फक्त पोर्तुगीज बोललं असं नाही. फादर थॉमस स्टीफन्स म्हणून इंग्रज जेझुइट, 1579 मधे गोव्यात आला, सासष्टीत राहिला, इथली भाषा शिकला आणि ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीछंदात ख्रिस्तपुराण लिहिलं, 11,000च्या आसपास ओव्या, 1616 मधे राचोलला छापलं, रोमन अक्षरांत. तुझ्या घरापासून राचोल किती लांब आहे? एकदा जाऊन ये.

आडनावाचं म्हणशील तर दोन्ही तुझीच. जुनं माहीत असेल तर जपून ठेव, नवीनही चार पिढ्यांनी घामाने कमावलंय. एक गोष्ट मात्र मला बोलायचीच आहे. जुनं आडनाव शोधायच्या नादात अनेक घरांत खरा रस असतो तो जातीत, आपण बामण का चारडो का सुदीर, आणि सोयरीक ठरवताना हे अजून विचारतात, बाप्तिस्मा घेऊन इतकी शतकं झाली तरी. गलतीकरांच्या पत्रात 3:28 ला पौल लिहितो की ख्रिस्तात यहूदी आणि हेल्लेणी, दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री हा भेद नाही. हे वचन इगर्जीत वाचायचं आणि घरी येऊन मुलीसाठी जात बघायची हे मला सहन होत नाही. ओळखीचा शोध इथे येऊन थांबणार असेल तर तो सोडून दे.

प्रश्न : मी डिचोलीचा, हिंदू घरातला, वय 34. एका मित्राने नवा करार दिला, वर्षभर वाचतोय आणि येशूशिवाय करमत नाही अशी अवस्था झालीये. पण नाव बदलावं लागेल का, आईवडिलांना काय सांगू, गणपतीला घरी बसायचं की नाही, या सगळ्याने झोप उडालीये.

उत्तर : घाई करू नका. नाव बदलायचं तर अजिबात टेन्शन घेऊ नका. लोकांना वाटतं शौलाला ख्रिस्त भेटला आणि तो पौल झाला, पण प्रेषितांची कृत्ये नीट वाचा, दर्शन अध्याय 9 मधे आणि पौल हे नाव येतं अध्याय 13 मधे, तेही ‘शौल ज्याला पौलही म्हणत’ एवढंच. दोन्ही नावं आधीपासून त्याचीच. आपले नारायण वामन टिळक, 1895 मधे बाप्तिस्मा घेतला, नाव तेच राहिलं, ओवी-अभंग तेच राहिले, आणि त्यांची भजनं मराठी चर्चमधे आजही म्हणतात. पण त्यांच्या घरात त्या निर्णयाने काय हलकल्लोळ झाला, पत्नी लक्ष्मीबाईंना किती सोसावं लागलं आणि त्या पुढे स्वतःच्या वेळेला, स्वतःच्या मनाने आल्या, हेही लक्षात ठेवा.

म्हणून आईवडिलांपासून लपवू नका. वाचताय ते सांगा, पुस्तक समोर ठेवा, ते रागावले तर ऐकून घ्या, उलट बोलू नका, त्यांची सेवा आधीपेक्षा जास्त करा. चतुर्थीला घरी जा, आईच्या हाताखाली काम करा, माणसांत बसा. पूजेत तुमच्या मनाला काय पटतं आणि काय नाही ते नम्रपणे आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी तमाशा नको. आणि बाप्तिस्म्याचा निर्णय कोणाच्या आग्रहाने किंवा कुठल्या मदतीच्या आशेने घेऊ नका, जो घाई करायला लावेल त्याच्यापासून चार हात लांब राहा. कॅथलिक पद्धतीत तर प्रौढ माणसाला आधी बराच काळ शिक्षण घ्यावं लागतं, ते योग्यच आहे.

प्रश्न : ताई, माझा भाऊ रोज सकाळी फॅमिली ग्रुपवर वचन टाकतो, बहुतेक वेळा यिर्मया 29:11, तुमच्यासाठी माझ्या योजना हिताच्या आहेत, आशा देणाऱ्या आहेत असं. छान वाटतं पण दहा मिनिटांनी विसरते. याला बायबल अभ्यास म्हणायचं का? आणि कॅथलिक बायबल घ्यावं का दुसरं? (वास्को)

उत्तर : वचन खरं आहे आणि मला फार प्रिय आहे, पण एकटं वचन म्हणजे कोणाच्या तरी पत्रातली एक ओळ फाडून घेतल्यासारखं आहे. अक्षरशः पत्रच आहे ते. यरुशलेमातून पकडून बाबेलला नेलेल्या लोकांना यिर्मयाने लिहिलेलं. त्याच्या आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सगळ्यांना खूश करून टाकतो की दोन वर्षांत सगळं परत येईल. यिर्मया म्हणतो, नाही. 29:10 वाच, 70 वर्षं. म्हणजे ते पत्र ज्यांनी पहिल्यांदा ऐकलं त्यातले बरेचजण घरी परतायच्या आधीच मरणार होते, आणि त्यांना देव सांगतोय की माझ्या योजना हिताच्या आहेत. मग मधल्या काळात काय करायचं? वचन 5 ते 7. घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराचं भलं बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. वास्कोत किती मराठी, कन्नड, ओडिया कुटुंबं पोर्ट आणि शिपयार्डच्या कामाला येऊन राहिलीत, गावी परत जायचं जायचं म्हणत दुसरी पिढी मोठी झाली. त्यांच्यासाठी हे 7 वं वचन 11 व्यापेक्षा जास्त कामाचं आहे असं मला वाटतं.

अभ्यास म्हणजे फार मोठं काही नाही. एक अध्याय घे, दोनदा वाच, हे कोण कोणाला बोलतंय आणि आधी-नंतर काय घडलंय ते बघ, न कळलेलं वहीत लिहून ठेव आणि आठवड्याने दुसऱ्या दोघा-तिघांबरोबर बसून तेच विचार. एकटीने वाचलं तर आपण आपल्याला हवं तेच वाचतो. सुरुवात मार्कपासून, 16 अध्याय, सगळ्यात लहान शुभवर्तमान.

कुठलं बायबल म्हणशील तर कॅथलिक आवृत्तीत 73 पुस्तकं असतात, प्रोटेस्टंट आवृत्तीत 66, फरक जुन्या करारात आहे, तोबित, मक्काबी वगैरे. नवा करार दोन्हीकडे सारखाच 27 पुस्तकांचा. तू कॅथलिक असशील तर 73 वालं घे, पण घरात दुसरं असेल तर त्यासाठी थांबून राहू नकोस, मार्क आणि यिर्मया दोन्हीत आहेत. आणि भावाला रागावू नकोस. उद्या त्याने 11 वं वचन टाकलं की खाली 10 वं टाक आणि विचार, दादा, मधल्या 70 वर्षांचं काय करायचं?